नाणे टांकसाळीत चुकले की बाजारात बिघडले?

नागपुरात सीताबर्डीवर ज्या टपरीत मी रोज सकाळी चहा घेतो, तिथला चहावाला गल्ल्यात आलेले प्रत्येक वेगळे दिसणारे नाणे माझ्यासाठी एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात टाकून ठेवतो. बँकेत रोखपाल म्हणून माझी बरीच वर्षे चिल्लरीच्या थैल्या मोजण्यात गेली हे त्याला ठाऊक आहे, आणि ‘हे नाणे असेल तर लाखो मिळवा’ अशा जाहिराती त्याच्याही मोबाइलवर इतरांइतक्याच येतात. मध्यंतरी एका सकाळी त्याने डब्यातली सात नाणी बाकावर ओळीने मांडली आणि म्हणाला, “काकाजी, यातलं लाखाचं कोणतं, तेवढं सांगून द्या.” लाखाचे एकही नव्हते. सातांपैकी एकाच नाण्यात टांकसाळीतली खरी, संग्रहात ठेवण्याजोगी चूक होती. बाकीच्यांपैकी काही बाजारात बिघडलेली होती, काही कोणीतरी मुद्दाम बिघडवलेली होती आणि एक तर पूर्णपणे निर्दोष होते.

त्याला मी जे समजावले तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे. नाण्यावर काहीतरी विचित्र दिसले की बहुतेक लोक त्या विचित्रपणाचे नाव शोधू लागतात, परंतु त्याआधी विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे: हे नाणे घडत असताना नेमक्या कोणत्या पायरीवर असे होऊ शकले असते? त्या प्रश्नाला उत्तर सापडले तर नाणे पुढे तपासावे. कोणत्याच पायरीवर तसे होणे शक्य नसेल तर ते नाणे टांकसाळीतून बाहेर पडल्यावर बिघडले आहे, मग ते कितीही दुर्मीळ दिसो.

नाणे घडते कसे

आपली नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार सरकारी टांकसाळींत पाडली जातात. रिझर्व्ह बँक ती फक्त वितरित करते. काम सुरू होते ते धातूच्या लांब पट्टीपासून. ही पट्टी छिद्रे पाडणाऱ्या यंत्राखालून पुढे सरकत जाते आणि तिच्यातून कोऱ्या गोल चकत्या कापून निघतात. त्या भट्टीत तापवून नरम करतात, धुऊन स्वच्छ करतात आणि मग एका खाचेतून दाबून फिरवतात, म्हणजे त्यांचा काठ थोडासा उचलला जातो. अशी काठ उचललेली चकती, जिला संग्राहक प्लँचेट म्हणतात, शेवटी छापयंत्रात येते. तिथे खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती पोलादी कडे, ज्याला कॉलर म्हणतात, अशी रचना असते. वरचा ठसा प्रचंड दाबाने खाली येतो, नरम धातू दोन्ही ठशांच्या खोलगट भागांत शिरतो आणि बाहेर पसरू पाहतो तेव्हा कड्याला अडतो. कड्याच्या आतल्या बाजूला दाते कोरलेले असतील तर तेच दाते नाण्याच्या काठावर उमटतात. नाण्याची छाप, काटा आणि काठ या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी, एकाच दाबात तयार होतात. मिनिटाला शेकडो नाणी अशी पडत असतात, त्यामुळे एखादे चुकणे स्वाभाविकच आहे आणि मोजणी-तपासणीतून निसटून ते थैलीत येणेही तितकेच स्वाभाविक आहे.

म्हणजे चुका तीन ठिकाणी होऊ शकतात: चकतीत, ठशात किंवा प्रत्यक्ष छापताना. जगभरचे संग्राहक याच तीन गटांत विचार करतात आणि आपणही तसाच केला तर गोंधळ बराच कमी होतो.

या रचनेतूनच एक अतिशय उपयोगी खूण मिळते. ठशात जे खोल असते ते नाण्यावर उठून दिसते. ठसा वापरून वापरून त्याला तडा गेला की धातू त्या तड्यातही शिरतो आणि नाण्यावर एक बारीक, नागमोडी, पण उंच रेघ उमटते. याउलट, नाणे बाजारात आल्यावर खिळ्याने, चावीने किंवा दगडाने जी रेघ पडते ती नेहमी खोल असते, कारण तिथला धातू खरवडला गेलेला असतो. लाकडी दातकोरणीचे टोक हलक्या हाताने रेघेवरून आडवे फिरवले तर ते रेघेवर चढते की रेघेत उतरते, हे बोटांना लगेच कळते. या खुणेला अपवाद आहेत. छापताना चकती आणि ठसा यांच्यामध्ये एखादा धागा, तारेचा तुकडा किंवा ग्रीसचा गोळा सापडला तर त्याचा खोल छाप नाण्यावर राहतो. परंतु तशा खोल जागेचा तळ गुळगुळीत असतो आणि तिच्या कडांना धातू वर उचललेला नसतो, तर ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना धातू किंचित वर ढकललेला दिसतो.

ज्या नाण्याचा तुकडा नव्हता

सातांपैकी खरे ठरलेले नाणे स्टीलचे जुने एक रुपयाचे होते, १९९२ पासून २००४ पर्यंत पाडले गेलेल्या २५ मिलिमीटर व्यासाच्या प्रकारातले. त्याच्या एका बाजूला, साधारण चार वाजताच्या जागी, पोळीचा घास तोडावा तसा अर्धचंद्राकार तुकडा गायब होता. चहावाल्याला हे नाणे सर्वांत टाकाऊ वाटत होते. त्याच्या मते कोणीतरी ते कापले होते.

असा तुकडा टांकसाळीत कसा जातो ते आता लक्षात येईल. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर कापणारे यंत्र आधीच पडलेल्या भोकावर थोडे चढून पुढची चकती कापते, आणि जुन्या भोकाचा गोल काठ नव्या चकतीत खाच बनून राहतो. म्हणून ही खाच नेहमी गोलाईची असते आणि तिची वक्रता नाण्याच्या स्वतःच्या वक्रतेशी जुळते. चकती पट्टीच्या अगदी टोकावरून कापली गेली तर खाच सरळ येते. संग्राहक या दोन्हींना क्लिप म्हणतात.

इतवारीतल्या एका ओळखीच्या सराफाकडे नाणे तोलून घेतले. या रुपयाचे ठरलेले वजन ४.८५ ग्रॅम आहे, काट्याने ४.४ दाखवले. सराफ म्हणाला, “झालं ना मग, कमी भरलं, म्हणजे खरं.” पण वजनाचा आधार इथे फसवा आहे, कारण कानशीने घासलेले नाणेही कमीच भरणार. वजनाने फक्त एवढे कळते की धातू गेला आहे. तो कधी गेला, हे कळत नाही.

ते कळते ते खाचेच्या बरोबर समोरच्या काठावरून. मघाशी सांगितले त्याप्रमाणे चकतीचा काठ उचलण्यासाठी ती खाचेतून दाबून फिरवली जाते आणि हा दाब चकतीच्या समोरासमोरच्या दोन बिंदूंवर एकाच वेळी पडतो. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बिंदूवर दाब पोचत नाही, त्यामुळे तिथला काठ नीट उचललाच जात नाही आणि छापल्यानंतरही तो बसका, पुसट राहतो. संग्राहक याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. आमच्या नाण्यावर चार वाजता खाच होती आणि दहा वाजताच्या जागी काठ खरोखरच विरून गेल्यासारखा दिसत होता. शिवाय खाचेजवळची अक्षरे सुरीने कापल्यासारखी तुटलेली नव्हती. ती खाचेकडे ओघळत, पसरत, हळूहळू पुसट होत गेली होती, कारण छापताना धातूला त्या मोकळ्या जागेकडे वाहायला वाव मिळाला होता. कापलेल्या नाण्यावर हे होणे अशक्य आहे, कारण तिथे अक्षरे आधी पूर्ण उमटलेली असतात आणि नंतर छाटली जातात. कानस चालवणाऱ्याला समोरच्या काठाचा पत्ता नसतो, म्हणून खोट्या क्लिपमध्ये समोरचा काठ ठणठणीत असतो. सगळ्या प्रकारच्या चुकांमध्ये मला ही तपासणी सर्वांत आवडते, कारण पुरावा चुकीच्या जागी नसून तिच्या बरोबर समोर असतो आणि तो कोणाला बनवता येत नाही.

चकतीच्या चुकांमध्ये आणखी एक मोठा प्रकार म्हणजे भलत्याच चकतीवर छापलेले नाणे. २०११ पासून निघालेल्या स्टीलच्या दोन रुपयांचे वजन ४.८५ ग्रॅम आणि व्यास २५ मिलिमीटर आहे, तर त्याच मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅम आणि २२ मिलिमीटरचा आहे. समजा रुपयाची चकती चुकून दोन रुपयांच्या छापयंत्रात गेली, तर निघणारे नाणे हलके भरेल, त्याला नीट काठ नसेल आणि ठशाच्या कडेची अक्षरे अर्धवट राहतील. याच्या उलट मात्र सहसा होऊ शकत नाही, कारण मोठी चकती लहान कड्यात बसतच नाही. कोणी तसा दावा केला तर आधी काटा आणि मोजपट्टी काढावी. गंमत अशी की १९९२ चा रुपया आणि २०११ चे दोन रुपये यांचे वजन, व्यास आणि धातू सारखेच आहेत, आणि स्टीलची जुनी पन्नास पैशांची चकतीही २०११ च्या रुपयाइतकीच, ३.७९ ग्रॅमची आहे. त्यामुळे केवळ वजनावरून मूळ चकती कोणती होती हे नेहमीच ठरवता येत नाही.

धातू ओळखायला साधे चुंबक पुरते. कन्हान नदीच्या पुलाखाली दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारी मुले हे शास्त्र आपल्यापेक्षा चांगले जाणतात: स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, तांबे-निकेलची आणि पितळी छटेची पाच रुपयांची चिकटत नाहीत. पण ‘माझे पाच रुपयांचे नाणे चुंबकाला चिकटते, म्हणजे ते चुकीच्या धातूचे’ असा निष्कर्ष काढण्याआधी वर्ष पाहावे. जाड, जड, नऊ ग्रॅमचे पाच रुपये तांबे-निकेलचे होते. २००७ च्या सुमारास सहा ग्रॅमचे स्टीलचे आले आणि २००९ पासून निकेल-पितळेचे. धातू सरकारनेच बदलला असेल तर ती चूक नव्हे.

ठशाने केलेल्या चुका

ठशाची चूक एका नाण्यापुरती राहत नाही. तो ठसा बदलेपर्यंत पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ती उमटते. तडा वाढत जाऊन ठशाच्या कडेचा तुकडाच पडला तर नाण्यावर त्या जागी काठाला चिकटलेला, निराकार, उंच फुगवटा येतो. त्याची तपासणीही समोर करावी लागते, फक्त इथे समोर म्हणजे नाण्याच्या दुसऱ्या बाजूला, नेमक्या त्याच जागी: तिथला धातू रिकाम्या पोकळीत निघून गेल्याने तेवढा भाग पुसट असतो. चकती आलीच नाही आणि दोन्ही ठसे एकमेकांवर आदळले, तर एका ठशाची रेखाकृती दुसऱ्यावर उमटते आणि पुढच्या नाण्यांवर सिंहस्तंभाभोवतीच्या मोकळ्या जागेत मागच्या बाजूच्या अंकाची पुसट छाया दिसते.

चहावाल्याच्या डब्यातले दोन रुपयांचे एक नाणे या गटात मोडेल असे त्याला वाटत होते, कारण त्याच्यावरचे इंग्रजी अक्षर दुहेरी दिसत होते. दुहेरी अक्षरांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांच्यातला फरक न कळल्यामुळेच सर्वाधिक पैसे वाया जातात. ठसा बनवताना मूळ साच्याचा दाब त्यावर एकापेक्षा जास्त वेळा दिला गेला आणि मधल्या वेळात ठसा किंचित फिरला, तर ठशावरच दोन अक्षरे कोरली जातात. नाण्यावर ती दोन्ही सारख्या उंचीची, गोलसर आणि एकमेकांपासून खाचेने वेगळी झालेली दिसतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया टांकसाळीचा १९५५ चा एक सेंट या कारणाने जगप्रसिद्ध आहे; त्याच्यावरचे वर्ष आणि अक्षरे नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतात. दुसऱ्या प्रकारात ठसा निर्दोष असतो, पण छापून झाल्यावर सैल पडलेला ठसा नाण्यावरून उठताना थोडा सरकतो आणि नुकतेच उमटलेले अक्षर बाजूने चेपतो. तिथे दुसरे अक्षर तयार होत नाही. मूळ अक्षराच्या कडेला एक सपाट, चकाकणारी पायरी तयार होते आणि अक्षर मुळापेक्षा बारीक झालेले असते. याला संग्राहक यंत्राचे डबलिंग म्हणतात आणि त्याला जवळपास काहीच जास्तीची किंमत देत नाहीत. डब्यातले दोन रुपये याच प्रकारचे होते. भिंगाखाली ती पायरी पाहिल्यावर चहावाला म्हणाला, “म्हणजे हे दोनदा छापलं नाही, छापताना घसरलं.” इतक्या कमी शब्दांत मला ते सांगता आले नसते.

ठशाच्या खोलगट भागात ग्रीस आणि धूळ साचून तो भरला की एखादे अक्षर किंवा वर्षातला एखादा अंक उमटतच नाही. अशी नाणी बरीच सापडतात आणि तितकीच बनवलीही जातात. डब्यातल्या पाच रुपयांवर वर्षाचा शेवटचा अंक नव्हता. भिंगातून पाहिले तेव्हा त्या जागी एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे आणि किंचित खोलगटपणा होता. भरलेल्या ठशाने अंक गाळला असता तर ती जागा आजूबाजूच्या पातळीला, तशाच चकाकीची राहिली असती, आणि बहुधा शेजारचा अंकही थोडा मंद झाला असता, कारण ग्रीस एकाच अंकाच्या चौकटीत बसून राहत नाही.

ठसा फिरलेला असणे हा प्रकार तपासायला सर्वांत सोपा आहे. नाण्याची छापाची बाजू सरळ धरून अंगठा खालच्या काठावर आणि तर्जनी वरच्या काठावर ठेवा आणि पुस्तकाचे पान उलटावे तसे नाणे उलटा. स्वतंत्र भारताच्या चलनी नाण्यांवर दुसरी बाजूही सरळच दिसली पाहिजे. थोडासा कल अनेक नाण्यांत असतो आणि त्याला कोणी विचारत नाही. दुसरी बाजू स्पष्ट आडवी किंवा उलटी दिसली तरच ते जपावे. ही चूक मला विशेष प्रिय आहे, कारण छापलेल्या एकसंध नाण्यात ती नंतर कोणाला घालता येत नाही.

म्यूल, म्हणजे एकमेकांसाठी न बनवलेल्या दोन ठशांची जोडी, भारतात फारशी हाती लागत नाही, पण ती कशी घडते याचे ब्रिटनमधले उदाहरण फार बोलके आहे. तिथे २००८ मध्ये नाण्यांच्या मागच्या बाजूचे चित्र बदलले आणि वीस पेन्सच्या नाण्यावरचे वर्ष मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूला नेले. त्या बदलाच्या वेळी राणीचा जुना ठसा आणि मागचा नवा ठसा एकत्र लावले गेले. दोन्हींवर वर्ष नव्हते, त्यामुळे वर्षच नसलेली वीस पेन्सची नाणी चलनात गेली.

छापताना झालेल्या चुका

चकती कड्यात नीट बसली नाही तर ठसा मध्यभागी न पडता बाजूला पडतो आणि एका बाजूला कोरी चंद्रकोर राहते. कडे वर आलेच नाही तर धातू मोकळा पसरतो, नाणे ठरल्यापेक्षा रुंद होते आणि काठाचे दाते नाहीसे होतात. कडे अर्धवट वर आले तर काठावर पायरी येते आणि नाणे उभे धरून पाहिले की ते रेल्वेच्या चाकासारखे दिसते. नागपुरात वाढलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

रेल्वेवरून आठवले. आमच्या लहानपणी इतवारीहून नागभीडला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळावर पैसे ठेवणे हा मुलांचा उद्योग होता. तो धोक्याचाही होता आणि बेकायदाही, पण त्याची फळे अजून बाजारात फिरत आहेत. डब्यातला एक पसरट रुपया तसाच होता. कड्याविना छापलेले नाणे आणि रुळावर चेपलेले नाणे या दोन्हींचा व्यास वाढलेला असतो, दोन्हींचे दाते गेलेले असतात आणि वजनही दोन्हींचे बरोबर भरते. पण पहिल्याच्या मध्यभागातली अक्षरे आणि चित्र पूर्ण, ठसठशीत असतात, कारण ठसा नेहमीसारखाच पडलेला असतो, तर दुसऱ्यात चित्रच ताणले जाते, पुसट होते आणि नाणे एका दिशेला लांबट होते.

छापताना झालेल्या चुकांतली सर्वांत आकर्षक म्हणजे ब्रॉकेज. छापलेले नाणे बाहेर पडण्याऐवजी ठशाला चिकटून बसते आणि पुढच्या चकतीसाठी ते स्वतःच ठसा बनते. त्या चकतीच्या एका बाजूवर नेहमीचे चित्र येते आणि दुसऱ्या बाजूवर तेच चित्र उलटे, आरशातल्यासारखे आणि खोलात गेलेले. आकर्षक असल्यामुळे याची नक्कलही सर्रास होते: दोन नाणी एकमेकांवर ठेवून वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळली की एकाचे चित्र दुसऱ्यावर खोल उमटते. डब्यातले एक नाणे असेच होते. ते उघडे पाडणे कठीण नव्हते, कारण खोल उमटलेल्या चित्राखाली त्या नाण्याचे स्वतःचे मूळ चित्र चेपलेल्या अवस्थेत दिसत होते. खऱ्या ब्रॉकेजच्या त्या बाजूवर आधी काहीच छापलेले नसते, त्यामुळे खाली चेपायला काही शिल्लकच नसते.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण त्याच्या नावाने होणारी फसवणूक सर्वांत जास्त आहे. या नाण्याचे बाहेरचे कडे आणि आतला गाभा छापयंत्रात येईपर्यंत दोन सुटे तुकडे असतात. छापतानाच्या दाबाने ते एकमेकांत घट्ट बसतात आणि त्याच दाबात दोन्हींवर चित्र उमटते. म्हणून गाभ्याचे भोक मध्यापासून सरकलेले असणे किंवा चित्र दोन्ही धातूंवर मिळून एका बाजूला सरकलेले असणे शक्य आहे. पण गाभ्यावरचा सिंहस्तंभ तिरका आणि कड्यावरची अक्षरे सरळ, असे नाणे टांकसाळीतून निघूच शकत नाही, कारण दोन्ही भाग एकाच ठशाखाली एकाच क्षणी छापले जातात. तसे दिसले तर कोणीतरी गाभा ठोकून बाहेर काढून परत बसवला आहे, एवढाच त्याचा अर्थ. डब्यातले सहावे नाणे हे होते आणि चहावाल्याने नेमक्या याच नाण्यावर आशा लावली होती.

जे चूकच नव्हते

सातवे नाणे निर्दोष होते. त्याच्या वर्षाखाली कोणतेच चिन्ह नाही, म्हणून ते खास असावे असे चहावाल्याला वाटले होते. वर्षाखालची चिन्हे टांकसाळीची असतात: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर चिन्ह नसते, ही तिची जुनी रीत आहे. १९८५ च्या काही रुपयांवर इंग्रजी एच अक्षर दिसते, कारण ते इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला पाडून आणले होते. हा ठिपका, तारा किंवा एच ‘चूक’ म्हणून विकले जाताना मी पाहिले आहेत.

चित्रांतले फरकही असेच. दहा रुपयांच्या नाण्यावर किरणे दहा की पंधरा, रुपयाचे चिन्ह आहे की नाही, यावरून मध्यंतरी खऱ्या-खोट्याचा एवढा गदारोळ झाला की अनेक दुकानदार ते नाणे घेईनात. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की तोवर या नाण्याच्या चौदा रचना निघाल्या आहेत आणि सर्व वैध आहेत. मुळातल्या आराखड्याचा दोषही टांकसाळीची चूक ठरत नाही. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती इतक्या आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. सरकारने ती नाणी मागे घेतली आणि पुढच्या वर्षी ठसा सुधारला. नाणे दुर्मीळ आहे, पण ते ठरल्याप्रमाणेच पडले होते.

नागपूरकरांच्या घरांत भोसल्यांच्या काळातले रुपये असतात आणि त्यांच्यावरचा मजकूर अर्धा कापलेला पाहून त्यांनाही चुकीचे समजले जाते. ते हाताने, हातोडीच्या घावाने पाडलेले आहेत. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळा तुकडा येणे हीच तेव्हाची रीत होती. अजब बंगल्यातल्या, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या नाणीसंग्रहात जुनी नाणी एकमेकांशेजारी पाहिली की हाताने पाडलेले आणि यंत्राने पाडलेले यांतला फरक लेख वाचण्यापेक्षा लवकर समजतो.

किमतीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिथेच लोकांचे डोके फिरते. चुकीचे नाणे चलन म्हणून आपल्या दर्शनी मूल्याचेच असते. त्यावरची किंमत संग्राहक देतो, आणि तो ती चूक किती ठळक आहे, वर्ष वाचता येते का आणि नाणे किती ताजे आहे हे पाहून देतो. साध्या क्लिपला किंवा थोड्या सरकलेल्या छापाला काही शे रुपयांच्या पुढे फारसे कोणी जात नाही. जाहिरातीतला लाखांचा खरेदीदार आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन मागतो आणि मग फोन उचलत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले होते की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कधीही शुल्क मागत नाही. मुद्दाम ‘चूक’ बनवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की २०११ च्या नाणे कायद्याखाली नाणे नष्ट करणे हा गुन्हा आहे.

चहावाल्याने क्लिपचा रुपया घरी नेऊन चिंचेने घासून चकचकीत करण्याचे ठरवले होते. तेवढे मात्र मी त्याला करू दिले नाही. चिंच, लिंबू किंवा राख लावली की छापतानाची मूळ चकाकी जाते आणि खाचेकडे ओघळलेल्या अक्षरांचा जो पुरावा आहे तोच झिजतो. मी ते नाणे काठाला धरून एका छोट्या कागदी पाकिटात घातले आणि पाकिटावर वर्ष, टांकसाळीचे चिन्ह, वजन ४.४ ग्रॅम, खाच चार वाजता, बसका काठ दहा वाजता, सीताबर्डीच्या गल्ल्यातून, असे पेन्सिलीने लिहून त्याच्या हाती दिले. बाकीची सहा त्याने गल्ल्यात ओतली. चेपलेला रुपया गिऱ्हाईक घेणार नाही म्हणून तेवढा परत काढला आणि डब्यात टाकला.